डाव्या मुठीतला फुगा

मित्रांनो, फुगा म्हटलं की तुम्हाला वाढदिवसाची खोली आठवते. तसल्या रंगीत फुग्यांशी माझं काही नातं नाही. मी करड्या रबराचा, लिंबापेक्षा थोडा मोठा, जाड कातडीचा म्हातारा फुगा आहे. माझ्या शेपटीला दहा मीटर लांबीची नळी आहे. एका इस्पितळाच्या तळमजल्यावर, एमआरआय मशीनच्या कडेला, प्लास्टिकच्या हुकावर मी लटकत असतो.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. मशीनच्या बोगद्यात निजलेल्या माणसाने मला दाबलं, की माझ्या पोटातली हवा नळीतून पळते आणि काचेपलीकडच्या खोलीत भोंगा वाजतो. भोंगा वाजला की मशीन थांबवायचं. समोर कितीही मोठा डॉक्टर बसलेला असो, थांबवायचं म्हणजे थांबवायचं. त्या मशीनच्या पोटात प्रचंड लोहचुंबक आहे. साधी टाचणी खिशात राहिली तरी ती गोळीसारखी सुटते. म्हणून तिथे विजेची घंटा चालत नाही. तिथे रबर आणि हवा, म्हणजे मीच चालतो.

साच्यातून मी गरमागरम बाहेर पडलो तेव्हा कारखान्यातल्या एका बाईने मला उचललं आणि करकचून दाबलं. माझ्या आधीच्या दोघांना तिने टोपलीत भिरकावलं होतं, कारण दाबल्यावर ते सुस्कारे टाकत होते. मी सुस्कारा टाकला नाही. ती म्हणाली, "हा टिकेल." माझं सगळं शिक्षण एवढंच.

मशीन बसवलं त्या दिवशी फीत कापली, भाषणं झाली, फोटो निघाले. माझा फोटो कुणी काढला नाही. मशीनला तपासायला दर तीन महिन्यांनी कोट घातलेला माणूस येतो. मला तपासायला कुत्रंही फिरकत नाही. एकदा ट्रॉलीचं चाक माझ्या नळीवरून गेलं आणि तिला चीर पडली. मशीन चालवणाऱ्या माणसाने चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "नवी मागवतो." त्याला चार वर्षं झाली. रुग्ण त्याला फोटोवाले दादा म्हणतात. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात एकच टेप बसलेली: "हलू नका, खोकू नका, काही वाटलं तर फुगा दाबा." हे सगळं तो एका श्वासात म्हणायचा आणि दार लावून घ्यायचा.

मी मात्र हात ओळखायला शिकलो. भित्रा हात मला सुरुवातीलाच घट्ट धरतो. शूर म्हणवणारा हात मला बोटांच्या टोकांवर ठेवतो आणि तिसऱ्या मिनिटाला घामाने भिजवतो. आणि माझी एक गंमत आहे. माझं डोकं बोगद्यात असतं आणि शेपूट काचेपलीकडच्या टेबलावर. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं माझ्या कानावर पडतं. आत निजलेल्या माणसाला बाहेर काय म्हणतात ते कळत नाही, आणि बाहेरच्यांना आत काय चाललंय ते कळत नाही. दोन्ही कळणारा एकटा मी, आणि मला तोंड नाही. मित्रांनो, याच्याइतकी चीड आणणारी नोकरी दुसरी नसेल.

दोन वर्षांपूर्वी शनिवारच्या दुपारी वेगळीच माणसं यायला लागली. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा एक आजार आहे. आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात बारीक बारीक तंतू असतात. वायरीवर रबर असतं तसं त्यांच्यावर आवरण असतं. या आजारात शरीराची राखणदार फौजच ते आवरण कुरतडते. मग कुणाचा पाय अडखळतो, कुणाला धूसर दिसतं, कुणाचा हात बधिर होतो. काहींना विचार करायलाही वेळ लागतो. तो का लागतो, आणि मेंदू त्यावर कुठून वाट काढतो, हे शोधायला एक तरुण डॉक्टरीणबाई शनिवारी हे मशीन मागून घ्यायच्या. येणारी माणसं उपचारासाठी येत नव्हती. त्यांना औषध मिळणार नव्हतं, गुण येणार नव्हता. पुढच्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून ती स्वतःहून यायची आणि तासभर त्या बोगद्यात पडून राहायची. लोक त्यांच्याकडे "बिचारे" म्हणून बघायचे. बिचारे म्हणणाऱ्यांतला एक जण तरी दहा मिनिटं त्या बोगद्यात पडून दाखवेल का?

अशाच एका शनिवारी फोनवाल्या बाई आल्या.

त्या रुग्णवाहिकेच्या कचेरीत एकोणीस वर्षं फोनवर होत्या. लोक किंचाळत, रडत फोन करायचे आणि या त्यांच्याकडून शांतपणे पत्ता काढून घ्यायच्या. मग त्यांना हा आजार झाला. साहेबांनी एकदा मागे उभं राहून घड्याळ लावलं. उत्तर द्यायला बाईंनी चार सेकंद घेतले. दुसऱ्याच दिवशी, "तुमच्या डोक्याला ताण नको," असं म्हणून त्यांना जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. सात महिने त्या तिथे धूळ झटकत होत्या.

सोबत त्यांची नणंद होती. डॉक्टरीणबाईंना त्याच वयाची धडधाकट माणसंही हवी होती, तुलनेसाठी. म्हणून बाईंनी तिला ओढून आणलं होतं. नणंद वर्षभराने मोठी आणि बोलायला भारी चटपटीत.

"डॉक्टर, माझं डोकं मंद झालंय का? एवढंच मला कळायला हवंय," बाईंनी आल्या आल्या विचारलं.

"ते मी सांगू शकणार नाही, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात एकेकट्याचा निकाल देत नाहीत. तुमच्यासारखे साठ आणि आजार नसलेले साठ, अशा सगळ्यांचे फोटो एकत्र मांडून बघायचंय."

"म्हणजे मला काय मिळणार?"

"चहा आणि दोन बिस्किटं."

"आणि साठांचा निकाल?"

"तो छापून येईल. कुणालाही वाचता येईल."

बाईंनी अर्ज पुढे ओढला. मग म्हणाल्या, "आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, या आजारात डोकं जातं. उद्या तुमच्या कागदावर काय छापायचं ते छापा. पण माझं डोकं मोजल्याशिवाय छापू नका. साठांत मला धरा."

"वहिनी, सही नीट कर हं," नणंद म्हणाली. "डॉक्टर, घरी हिला काही लक्षात राहत नाही. गॅस मीच बंद करते."

"वन्सं, गॅस तुम्ही बंद करता, कारण चालू पण तुम्हीच ठेवता," बाई सही करत म्हणाल्या.

आधी नणंद आत गेली. तिच्या हातावरूनच मला कळलं होतं, ही टिकणार नाही. साडेतीन मिनिटांत तिने मला असं काही पिळलं, की माझी चिकटपट्टी सुटायची बाकी राहिली. भोंगा वाजला. बाहेर आली ती रडतच. "जीव गुदमरला गं वहिनी. मला वाटलं, मी आता यातून निघतच नाही." मला वाटलं बाई आता टोमणा मारतील. तेवढा हक्क होता त्यांचा. पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दाबलंत ते बरं केलंत. त्यासाठीच असतं ते." हे वाक्य ऐकून मी फुगलो. आधीचाच फुगलेला, तरी फुगलो.

मग बाई आत आल्या. डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी चौकट, तिच्यावर आरसा, कानांत बोळे. डाव्या हातात मी, उजव्या हाताच्या अंगठ्याखाली एक बटण, तेही विजेवर नाही, प्रकाशाच्या तारेवर चालणारं. आरशात दर दोन सेकंदांनी एक आकडा दिसणार. तो आणि त्याच्या आधीचा मिळून दहा झाले, की बटण दाबायचं. अशा पाच फेऱ्या. बटण दाबलं की बाहेरच्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटायचा.

मशीन ठोकायला लागलं. आकडे सुरू झाले. चार, नऊ, दोन, आठ. आठला बाईंची डावी मूठ किंचित आवळली. इतकी किंचित, की भोंग्यापर्यंत हवा पोचलीच नाही. पाच, एक. मूठ सैल. सहा, चार. मूठ पुन्हा आवळली. मला आधी वाटलं, भीती असेल. पण भीती बेरीज करून येत नाही. दहा झाले की मूठ आवळायची, नाही झाले की गप्प. त्यांचा मेंदू उजव्या हाताला हुकूम सोडत होता, आणि डावा हात शेजाऱ्याचं ऐकून चुळबुळत होता.

आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मी काय ऐकत होतो?

"ठिपकाच येत नाहीये," फोटोवाले दादा म्हणाले. "चाळीस उत्तरांतली सहाच आली. बहुतेक डुलकी लागली."

डॉक्टरीणबाईंनी उसासा टाकला. "लक्ष टिकत नाहीये. या आजारात होतं असं." आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मित्रांनो, त्या क्षणी मला दात असते तर मी माझी नळी स्वतः चावून तोडली असती. माझ्याकडे प्रत्येक उत्तर होतं. बरोबर, वेळेवर, एकामागून एक. आणि मी रबराचा गोळा म्हणून तिथे पडून होतो.

दुसऱ्या फेरीनंतर दादांनी माइकवरून सांगितलं, "ताई, झोपू नका हं. आकड्यांकडे लक्ष द्या."

बाईंची मूठ गार पडली. मग ती तापली. आणि त्यांनी मला दाबलं. नणंदेने पिळलं होतं तसं नाही. शांतपणे, पूर्ण दाबून, सोडलंच नाही. भोंगा वाजत राहिला.

दोघं धावत आत आले. बोगद्यातून पलंग बाहेर सरकवला, डोक्याभोवतीची चौकट आणि कानांतले बोळे काढले.

"घाबरलात का ताई? काही हरकत नाही, पुष्कळ जण घाबरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"घाबरले नाही, संतापलेय. कोण झोपलंय? एकूण एक उत्तर दिलंय मी. तुमचं बटण बिघडलंय."

दादांनी बटण दाबून बघितलं. बाहेरच्या पडद्यावर ठिपका लख्ख उमटला. "बटण ठणठणीत आहे."

"द्या इकडे." बाईंनी अंगठा ठेवला. "हे बघा, दाबलं. आलं?"

दादा काचेतून पडद्याकडे बघत होते. "दाबा ना."

"दाबलंय की!"

"नाही ताई. अजून नाही दाबलंत."

बाईंनी मान उचलून आपल्याच हाताकडे पाहिलं. अंगठा बटणावर नुसता टेकला होता. त्यांच्या मते तो दाबत होता. अंगठ्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता. तीन आठवड्यांपासून त्या हाताला मुंग्या येत होत्या, बोटं जाड झाल्यासारखी वाटत होती. पण त्यांना तसं कुणी विचारलंच नव्हतं. अर्जावर प्रश्न होता, "आपण उजव्या हाताने लिहिता का?" त्यांनी "हो" लिहिलं होतं. खरंच लिहीत होत्या, चव्वेचाळीस वर्षं.

 चुंबक थंड ठेवणारा पंप टकटक करत होता.

"मग माझ्या डोक्याचं राहू द्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुम्ही आत्तापर्यंत माझा अंगठा मोजत होतात."

"ताई, मला वाईट वाटतं..."

"वाईट नंतर वाटून घ्या. बटण डाव्या हातात द्या आणि परत सुरू करा."

"तसं करता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या उजव्या हातात बटण, असा नियम आहे. हात बदलला की मेंदूची दुसरी बाजू काम करते. मग फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. तुमचे फोटो... बाजूला ठेवावे लागतील."

"बाजूला म्हणजे?"

"धरता येणार नाहीत."

"बाजूला मी सात महिने बसलेच आहे," बाई उठून बसत म्हणाल्या. "नियम लिहायला बसलात तेव्हा आमच्यातलं एक माणूस तरी टेबलाशी होतं का? हात बधिर करणारा आजार असलेल्यांना बोलावता, आणि हात चालतो की नाही ते विचारत नाही! आणि मी झोपले म्हणता, म्हणजे वहीतही तेच लिहिलं असणार: लक्ष नाही. मला ती वही दाखवा."

"दुसऱ्यांची नोंद मी दाखवू शकत नाही."

"मग तुम्ही तरी बघा!"

डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. वही उघडल्याचा आवाज मला नळीतून आला. पानं उलटत होती. मग त्या हळूच दादांना म्हणाल्या, "अकरा जण. 'लक्ष टिकत नाही' म्हणून बाजूला काढलेले अकरा जण आहेत."

त्या अकरांच्या मुठीतही मीच होतो. त्यांच्यातल्याही काहींच्या मुठी अशाच बारीक बारीक आवळत होत्या, आणि मी त्याला भीती समजलो होतो. दुसऱ्यांवर चिडताना स्वतःची चूक लपवायची नसते, म्हणून सांगतो. मीही त्यांना भित्रे ठरवून मोकळा झालो होतो.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्या ताठ उभ्या होत्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "नियम बदलायला अशा प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीची परवानगी लागेल. तुलनेसाठी धडधाकट माणसंही डाव्या हाताने करणारी लागतील. आणि आजचं काही धरता येणार नाही. तुम्हाला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. याल?"

"तुम्ही नाही बोलावलंत तरी येईन," बाई म्हणाल्या.

दीड महिन्याने त्या आल्या. तेव्हा नवी अडचण उभी राहिली, आणि ती होतो मी. बटण डाव्या हातात गेलं, मग मला कुठे ठेवायचं? उजव्या बधिर हातात देणं म्हणजे फसवणूक. तो हात मला दाबूच शकला नसता. दादा म्हणाले, "उजव्या हातात नुसता धरून ठेवा, काही होत नाही." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दादा स्वतःच म्हणाले, "नाही, चुकलं माझं." मग त्यांनी मला बाईंच्या दोन गुडघ्यांमध्ये ठेवलं. "दाबा." भोंगा. "परत." भोंगा. "परत." भोंगा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला सुरुवातीलाच तीनदा तपासलं. त्या दिवसापासून दादा प्रत्येकाकडून तसं करून घेतात. त्यांची जुनी टेप बंद झाली.

पाच फेऱ्या झाल्या. गुडघ्यांमध्ये मला मुठीतलं काही कळत नव्हतं. मी शेपटीकडे कान लावून पडलो होतो. एकाएकी दादा म्हणाले, "आला." मग म्हणाले, "आला. आला. हाही आला." डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "मोठ्याने मोजू नका," आणि स्वतः पुटपुटत मोजू लागल्या.

मी खोटं सांगणार नाही. काही ठिपके उशिरा आले. दोन सेकंद संपता संपता आले. तीन आलेच नाहीत. पण जे आले ते बरोबर होते.

त्यानंतर नणंद पुढे झाली. "मलाही डाव्या हातात द्या," ती दादांना म्हणाली. "आणि तो फुगा माझ्या उजव्या हातात. मी दाबणार नाही असं नाही सांगत. दाबला तर दाबला. परत येईन." त्या दिवशी तिने मला अकराव्या मिनिटाला दाबलं. तिसऱ्या खेपेला दाबलंच नाही.

त्या अकरा जणांना पत्रं गेली. सात आले. एकाने कळवलं, "एकदा झोपाळू म्हटलंत, आता नाही येत." मला तो माणूस आवडला. अर्जावर आता एक नवा प्रश्न आहे: "आज आपला कोणता हात नीट चालतो?" पुढे दोन रिकाम्या ओळी सोडल्या आहेत. लोक त्या भरून मागच्या बाजूलाही लिहितात. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं ना.

पाच फेऱ्या पुऱ्या झाल्या त्या दिवशी निघताना फोनवाल्या बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे आपली नोंद मागितली. स्वतःची होती, म्हणून त्यांना दाखवली. नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, "क्रमांक बेचाळीस. ग्राह्य." म्हणजे धरलं.

"आता तुम्हाला विचारावंसं वाटत असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हळू आहात का म्हणून. पण मी अजूनही..."

"नका सांगू," बाई म्हणाल्या. "मला माहीत आहे, थोडी हळू आहे. हळू असेन तर हळू म्हणून मोजा. पण मोजा. झोपले होते असं लिहू नका."

"निकाल छापून यायला दोन वर्षं लागतील, ताई."

"लागू देत. तोवर मी काय फायली झाडत बसणार आहे? सोमवारी साहेबांकडे जाते. म्हणते, घड्याळ घेऊन या आणि एक दिवस नीट मोजा. किती फोन आले, किती पत्ते बरोबर उतरले, हेही मोजा. नुसते सेकंद मोजून गप्प बसू नका."

"आणि ऐकलं नाही त्यांनी तर?" नणंदेने विचारलं.

"तर मंगळवारी परत जाईन. तुम्ही येता का सोबत?"

"येते," नणंद म्हणाली. "गॅस बंद करून येते."

दोघी हसत दाराबाहेर पडल्या. साहेबांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. माझी नळी तिथवर पोचत नाही.

मित्रांनो, माझं रबर आता कडक होत चाललंय. एक दिवस मला काढतील आणि माझ्या जागी नवा करकरीत फुगा लटकवतील. मला जपा, असं रडगाणं मी गाणार नाही. मला तुम्हाला दुसरंच सांगायचंय. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, कुणीतरी असेल, ज्याला सगळ्यांनी मठ्ठ ठरवून कोपऱ्यात बसवलंय. त्याच्याजवळ जा. "बिचारा" म्हणायला नको. सरळ विचारा, "तू उत्तर दिलं होतंस का?" आणि तो हो म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवून आधी तुमचं बटण तपासा, मग तुमचा नियम तपासा, आणि तरीही ठिपका उमटला नाही, तर त्याचा दुसरा हात धरून बघा.